गुळाच्या अडतीचं सॉफ्टवेअर आणि पीएचपीचं ऑटोलोडिंग

उदाहरणाला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत घेऊ. गाडी आली की रव्यांची (गुळाच्या ढेपांची) आवक लिहायची, सौदा निघाला की दर चढवायचा, तोलाई-हमाली धरून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) काढायची आणि खरेदीदाराच्या नावावर येणं टाकायचं. कामाचे हे चार तुकडे म्हणजेच चार मॉड्यूल: आवक, सौदा, पट्टी, खाते. असं अ‍ॅप्लिकेशन पीएचपीत, म्हणजे वेब सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, बांधायला घेतलं की एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी लागते. पट्टी मॉड्यूलमधल्या कोडने आवक मॉड्यूलमधला क्लास (एका कामाचा कोड एकत्र ठेवणारा तुकडा) मागितला, तर त्याची फाइल कुणी शोधायची आणि कुठे?

जुन्या प्रोजेक्टांत याचं उत्तर प्रत्येक फाइलच्या डोक्यावर दिसतं: दुसऱ्या फाइली आत घेणाऱ्या रिक्वायर-वन्सच्या पंधरा-वीस ओळी. एखादं फोल्डर हलवलं की त्या ओळी सगळीकडे शोधत फिरायचं. त्यातली एखादी ओळ राहून गेली, तर ते पान कुणी उघडेपर्यंत चूक कळत नाही, आणि पट्टीचं पान उघडलं जातं ते नेमकं सौद्याच्या गर्दीत. ऑटोलोडिंगने, म्हणजे क्लास मागितला की त्याची फाइल आपोआप उघडण्याच्या सोयीने, हे सगळं काम एका नियमावर येतं: क्लासच्या पूर्ण नावावरून फाइलचा पत्ता काढता आला पाहिजे. नाव आणि पत्ता यांचं जुळणं एकदा पक्कं झालं की बाकीचं मशीन सांभाळतं. पुढे ज्या अडचणी सांगणार आहे त्या बहुतेक सगळ्या हे जुळणं कुठेतरी सुटल्याच्याच आहेत.

लेखात सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहा. पीएचपीला देवनागरी क्लासनाव चालतं, इंजिन त्याला अडवत नाही. पण 'व्यापाऱ्याचेखाते' असं नाव दोघांनी टाइप केलं, तर त्यातला 'ऱ्य' एकाच्या कीबोर्डवर एका तऱ्हेने जुळतो आणि दुसऱ्याच्या कीबोर्डवर मध्ये न दिसणारा जोडचिन्हाचा कोड घेऊन जुळतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट मात्र वेगळे. मग 'क्लास सापडला नाही' ही एरर डोळ्यांनी शोधून सापडणं अशक्यच.

आता इंजिन काय करतं ते. २००४ मध्ये पीएचपी ५ आलं तेव्हा ऑटोलोड नावाचं एकच जादूचं फंक्शन लिहिता यायचं. अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनला एक, त्यामुळे दोन लायब्ररींनी ते लिहिलं की टक्कर ठरलेली. ५.१ पासून एसपीएल-ऑटोलोड-रजिस्टर आलं. त्यात हवे तितके लोडर (क्लासची फाइल शोधणारी फंक्शनं) रांगेत लावता येतात आणि एकाला फाइल सापडली नाही तर पुढचा बघतो. जुनं फंक्शन ७.२ मध्ये कालबाह्य ठरलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं. नेमस्पेस (क्लासच्या नावाआधी लागणारी गटाची नावं) आल्या २००९ मध्ये, ५.३ सोबत. नेमस्पेसवरून फाइल कशी शोधायची याचा आजचा नियम पीएसआर-४ (पीएचपी प्रोजेक्टांनी मिळून ठरवलेल्या मानकांपैकी एक) हा डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला. त्याआधीचा पीएसआर-० क्लासच्या नावातल्या अंडरस्कोअरचंही फोल्डर करायचा. पीएसआर-४ मध्ये अंडरस्कोअरला काहीच विशेष अर्थ नाही. जुना कोड नव्या नियमावर आणताना हा फरक आधी तपासा.

नियम असा. समजा 'अडत\पट्टी\' हा प्रिफिक्स (नावाची सुरुवात) 'मॉड्यूल्स/पट्टी/सोर्स/' या फोल्डरशी बांधला. मग 'अडत\पट्टी\सेवा\पट्टीहिशोब' हा क्लास मागितला की लोडर प्रिफिक्स कापतो, उरलेल्या 'सेवा\पट्टीहिशोब' मधल्या उलट्या तिरक्या रेघा सरळ करतो, शेवटी पीएचपीचं एक्स्टेन्शन लावतो आणि 'मॉड्यूल्स/पट्टी/सोर्स/सेवा/पट्टीहिशोब' ही फाइल उघडतो. एवढंच. हे समजण्यासाठी दहा ओळींचा लोडर एकदा हाताने जरूर लिहून बघा: नाव प्रिफिक्सने सुरू होत नसेल तर मुकाट्याने परत फिरायचं, होत असेल तर पत्ता बनवायचा, फाइल असेल तरच रिक्वायर करायचं. फाइल नाही म्हणून एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, फेकायचं नाही. रांगेतल्या पुढच्या लोडरची संधी त्याने जाते, आणि पीएसआर-४ मध्ये तशी स्पष्ट मनाईच आहे. शिकून झालं की तो लोडर बाजूला ठेवा आणि कंपोझर (बाहेरची पॅकेजं आणून ऑटोलोडची फाइलही बनवणारं साधन) वापरा.

फोल्डरची मांडणी मी अशी सुचवेन. मुळाशी पब्लिक, कॉन्फिग, मॉड्यूल्स आणि व्हेंडर (कंपोझरने आणलेल्या पॅकेजांचं फोल्डर). मॉड्यूल्सच्या आत प्रत्येक मॉड्यूलचं एक फोल्डर, त्यात सोर्स, टेस्ट आणि व्ह्यू वेगवेगळे. ऑटोलोडला फक्त सोर्स दाखवायचं. अख्खं मॉड्यूल दाखवलं तर टेम्प्लेट आणि मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फाइलीही स्कॅनमध्ये येतात आणि नेमस्पेसमध्ये 'सोर्स' हा शब्द विनाकारण घुसतो. वेब सर्व्हरचं दार पब्लिकवरच उघडायचं, व्हेंडर त्याच्या बाहेर. शेअर्ड होस्टिंगवर सगळंच पब्लिक-एचटीएमएलमध्ये ओतायची सवय असते, ती मोडा. २०१७ मध्ये पीएचपी-युनिट या टेस्टच्या साधनाच्या एका फाइलमधली भेद्यता नोंदली गेली. व्हेंडर बाहेरून उघडं असेल, तर त्या फाइलमधून कुणीही सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत असे. सर्व्हरवर टेस्टची साधनं वगळणाऱ्या 'नो-डेव्ह' पर्यायाने इन्स्टॉल करायचं तेही याच कारणाने.

कंपोझरच्या जेसन फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, 'ऑटोलोड'खाली 'पीएसआर-४', आणि त्याखाली मॉड्यूलमागे एक ओळ: डावीकडे प्रिफिक्स, उजवीकडे फोल्डर. जेसनमध्ये उलटी रेघ दोनदा लिहावी लागते. प्रिफिक्सच्या शेवटीही ती हवीच, नाहीतर कंपोझर तिथेच एरर देऊन थांबतो. हा हट्ट योग्य आहे. शेवटची रेघ नसेल तर 'अडत\पट्टी' हा प्रिफिक्स 'अडत\पट्टीजुनी' या वेगळ्याच नेमस्पेसलाही लागू पडला असता. टेस्टचे प्रिफिक्स 'ऑटोलोड-डेव्ह'मध्ये टाका. मग ऑटोलोडच्या फाइली नव्याने बनवणारी 'कंपोझर डंप-ऑटोलोड' ही कमांड चालवा आणि पब्लिकमधल्या इंडेक्स फाइलच्या पहिल्या ओळीत व्हेंडरची ऑटोलोड फाइल रिक्वायर करा. पत्ता डिर या, चालू फाइलचं फोल्डर सांगणाऱ्या, स्थिरांकापासूनच बांधा. नुसता सापेक्ष पत्ता ब्राउझरमधून चालून जातो, पण रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) वेगळ्याच फोल्डरमधून सुरू होतो आणि तिथे फाइल सापडत नाही.

डंप झाल्यावर व्हेंडरच्या कंपोझर फोल्डरमधली 'ऑटोलोड-पीएसआर४' नावाची फाइल उघडून बघायची सवय लावा. साधा अ‍ॅरे असतो, प्रत्येक प्रिफिक्ससमोर फोल्डर. आपलं मॉड्यूल त्यात नसेल, तर पुढे काहीही शोधण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: पीएसआर-४ च्या ओळीत अस्तित्वातच नसलेलं फोल्डर दिलं तरी कंपोझर तक्रार करत नाही, ती ओळ त्या फाइलमध्ये तशीच उतरते.

इथून सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या चुकीकडे येतो, ती म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांची. आपल्याकडे कोड लिहिला जातो विंडोजवर, एक्सॅम्प या घरगुती सर्व्हर-संचात, आणि चालतो लिनक्सवर. विंडोजच्या डिस्कला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. पीएचपी स्वतः क्लासच्या नावात हा भेद मानत नाही, पण लोडरच्या हाती नाव पडतं ते तुम्ही जसं लिहिलं तसंच. त्यामुळे सोर्समधलं 'सेवा' फोल्डर स्मॉल 'एस'ने आणि नेमस्पेसमधलं 'सेवा' कॅपिटल 'एस'ने असेल, तर ऑफिसात सगळं चालतं आणि सर्व्हरवर चढवलं की क्लास सापडत नाही. त्यात मराठी शब्द रोमनमध्ये लिहिण्याची भर. आवक हा शब्द एक जण एका 'ए'ने सुरू करतो, दुसरा दोन 'ए'ने, तिसरा 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' घालतो. सौद्याचंही तेच: कुणी 'ए-यू', कुणी 'ओ-यू'. टीम दोघांची असली तरी मराठी शब्दांची एक स्पेलिंगयादी रीडमी फाइलमध्ये ठेवा आणि नवा क्लास तिच्यातूनच उचला. मॉड्यूलची नावं इंग्रजी ठेवावीत असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. पट्टीला इंग्रजीत बिल म्हटलं की सहा महिन्यांनी शेतकऱ्याची पट्टी कुठली आणि खरेदीदाराचं बिल कुठलं हे कोड वाचून कळेनासं होतं.

अक्षरांची चूक सुधारतानाही गिट (कोडचे बदल नोंदवणारं साधन) साथ देत नाही. विंडोजवर गिट बहुधा अक्षरभेदाकडे दुर्लक्ष करायला सांगितलेलंच असतं, त्यामुळे एक्सप्लोररमध्ये नाव बदललं तरी त्याला बदल दिसत नाही आणि सर्व्हरवर जुनंच नाव जातं. दोन टप्प्यांत 'गिट एमव्ही' करा: आधी फोल्डरला भलतंच तात्पुरतं नाव, मग बरोबर नाव. एफटीपीने चढवत असाल तर सर्व्हरवर जुन्या नावाची फाइल तशीच राहते आणि नवी तिच्या शेजारी येते. जुनी हाताने काढा.

ही चूक विंडोजवरच पकडायचा मार्ग आहे. 'कंपोझर डंप-ऑटोलोड'ला 'ऑप्टिमाइझ' पर्याय लावला की तो सगळ्या फाइली वाचून क्लासची यादी बनवतो आणि ज्या फाइलचं नाव क्लासशी अक्षरशः जुळत नाही, ती पीएसआर-४ ला धरून नाही असं सांगून यादीतून वगळतो. ही तुलना मजकुराची असल्याने विंडोजवरही कॅपिटल-स्मॉलचा फरक पकडला जातो. सोबत 'स्ट्रिक्ट-पीएसआर' लावा. मग अशी एक जरी फाइल असली तर कमांड अपयशी ठरते, म्हणजे गिटवर पुश करण्याआधी आपोआप चालणाऱ्या हुकमध्ये ती ठेवता येते. ऑप्टिमाइझशिवाय स्ट्रिक्टचा काही उपयोग नाही. हा सापळा एका ठिकाणी अपुरा पडतो: तुलना होते ती प्रिफिक्सच्या पुढच्या भागाची. जेसनच्या उजव्या बाजूला लिहिलेल्या फोल्डरच्याच अक्षरांत चूक असेल तर विंडोजवर ती निसटते. म्हणून सर्व्हरवर चढवल्यानंतर प्रत्येक मॉड्यूलचा एक-एक क्लास मागून बघणारी छोटी स्क्रिप्ट चालवा.

मॉड्यूल काढता-घालता यावीत अशी गरज असते तिथे गोष्ट आणखी नाजूक होते. एका अडतीला खाते मॉड्यूल हवं, दुसरीला नको. दोन रस्ते आहेत.

पहिला, चालू प्रोग्रॅममध्ये नोंद करणं. व्हेंडरची ऑटोलोड फाइल रिक्वायर केली की ती लोडरचा ऑब्जेक्ट परत देते. तो व्हेरिएबलमध्ये धरायचा, कॉन्फिगमधल्या चालू मॉड्यूलच्या यादीवर लूप फिरवायचा आणि प्रत्येकासाठी अ‍ॅड-पीएसआर४ ला प्रिफिक्स आणि फोल्डर द्यायचं. सोपं आहे, पण दोन खाचा आहेत. एक, न सापडलेल्या क्लासचं नाव लोडर ती रिक्वेस्ट संपेपर्यंत लक्षात ठेवतो. नोंदणीच्या आधी कुठेतरी क्लास-एक्झिस्ट्स वापरून 'खाते मॉड्यूल आहे का' असं विचारलं, तर नंतर अ‍ॅड-पीएसआर४ केलं तरी तो क्लास त्या रिक्वेस्टमध्ये मिळत नाही. उत्तर आधीच 'नाही' असं लिहून झालेलं असतं. म्हणून नोंदणी बूटस्ट्रॅपच्या (सुरुवातीला चालणाऱ्या कोडच्या) अगदी वर ठेवा आणि मॉड्यूल चालू आहे की नाही हे कॉन्फिगला विचारा, क्लासच्या असण्या-नसण्यावर सोपवू नका. दोन, सर्व्हरवर 'क्लासमॅप-ऑथॉरिटेटिव्ह' लावलं असेल तर लोडर फक्त तयार यादी बघतो, पीएसआर-४ च्या नोंदींकडे वळतच नाही. तुमची अ‍ॅड-पीएसआर४ ची ओळ तिथे असूनही काहीच करत नाही.

दुसरा रस्ता प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची कंपोझर फाइल देऊन त्याचं पॅकेज करण्याचा. मुळाच्या फाइलमध्ये 'रिपॉझिटरीज'खाली प्रकार 'पाथ' आणि पत्ता 'मॉड्यूल्स/*', मग 'रिक्वायर'मध्ये हवी तेवढीच मॉड्यूल. तीनपेक्षा जास्त ग्राहक असतील तर मी हाच रस्ता धरेन, कारण कुठलं मॉड्यूल कुठल्यावर अवलंबून आहे हे लिहूनच ठेवावं लागतं. कंपोझर व्हेंडरमध्ये मॉड्यूलची सिमलिंक (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) करतो, विंडोजवर जंक्शन. नुसतं व्हेंडर सर्व्हरवर नेलं आणि मॉड्यूल्स फोल्डर राहिलं, तर सगळ्या लिंक लटकतात. सिमलिंक बंद करून कॉपी घेता येते, पण मग मॉड्यूलमधला बदल अपडेट केल्याशिवाय व्हेंडरमध्ये येत नाही. आणि सगळ्यात चकवणारी गोष्ट अशी: मॉड्यूलच्या कंपोझर फाइलमधला ऑटोलोडचा भाग बदलून मुळाशी नुसतं डंप-ऑटोलोड केलं तर फरक पडत नाही. डंप करताना कंपोझर इन्स्टॉलच्या वेळी नोंदवून ठेवलेली माहिती वाचतो. त्या मॉड्यूलचं 'कंपोझर अपडेट' केलं तरच नवा प्रिफिक्स येतो. मॉड्यूलचा 'ऑटोलोड-डेव्ह'ही मुळाशी लागू होत नाही, तो फक्त मुळाच्याच फाइलचा चालतो.

जुना नेमस्पेस नसलेला कोड असेल तर तो एका दिवसात फिरवायच्या भानगडीत पडू नका. त्याचं फोल्डर 'क्लासमॅप'मध्ये द्या. नवी फाइल आली की डंप पुन्हा चालवायला लागतं, एवढंच. नुसती फंक्शनं ऑटोलोड होत नाहीत. ती 'फाइल्स'मध्ये द्यावी लागतात आणि त्या फाइली प्रत्येक रिक्वेस्टला उघडतात, वापर असो वा नसो. आकडे रुपयांत लिहिणारी दोन-चार फंक्शनं तिथे ठीक, पण क्लास-फाइल तिथे टाकून एरर मिटवणं चुकीचं.

कोड हळूहळू हलवताना दुहेरी प्रतीचा धोका असतो. 'अडत\' हा प्रिफिक्स 'अ‍ॅप' फोल्डरला आणि 'अडत\पट्टी\' मॉड्यूलला बांधलेला असेल, तर लोडर आधी लांब प्रिफिक्स बघतो आणि तिथे फाइल नसेल तर आखूड प्रिफिक्सकडे जातो. म्हणजे मॉड्यूलमधल्या फाइलचं नाव चुकलं, तर 'अ‍ॅप/पट्टी'मध्ये विसरलेली जुनी प्रत निमूट उघडते आणि पट्टीत जुन्या दराने हमाली लागते. एरर काहीच नाही. ऑप्टिमाइझ करताना एकच क्लास दोन ठिकाणी सापडल्याची सूचना येते, ती वाचून न सोडता एक प्रत काढा. चालू आहे ती प्रत नेमकी कुठली हे रिफ्लेक्शन-क्लासचं गेट-फाइल-नेम सांगतं.

आता ज्या चुका ऑटोलोडच्या दिसत नाहीत, पण त्याच्याशीच येतात. नेमस्पेस असलेल्या फाइलमध्ये एक्सेप्शन पकडणाऱ्या कॅचच्या कंसात नुसतं 'एक्सेप्शन' लिहिलं तर त्याचा अर्थ 'अडत\पट्टी\एक्सेप्शन' होतो. कॅच, इन्स्टन्सऑफ आणि टाइपच्या घोषणा ऑटोलोड चालवत नाहीत, त्यामुळे असा क्लास नाही हे कुणी सांगत नाही. कॅच फक्त कधीच पकडत नाही. पुढे उलटी रेघ द्या किंवा वर पूर्ण नाव देणारी यूजची ओळ लिहा. सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवत असाल तर ऑटोलोड आधी आणि सेशन-स्टार्ट नंतर. क्रम उलटा झाला की सेशनमधून अपुरा क्लास म्हणून पोकळ ऑब्जेक्ट बाहेर येतो. पीएचपी ८ च्या आधी नेमस्पेसच्या तुकड्यात राखीव शब्द चालत नव्हते, त्यामुळे 'प्रिंट' नावाचं मॉड्यूल ८ वर चालतं आणि ७.४ च्या सर्व्हरवर पार्स एरर देतं. नोटपॅडमध्ये फाइल बॉमसकट (सुरुवातीच्या न दिसणाऱ्या बाइटांसकट) सेव्ह झाली तर 'नेमस्पेस पहिलंच विधान हवं' अशी एरर येते आणि फाइलमध्ये पहिल्या ओळीवर नेमस्पेसच दिसते. बॉम काढा.

सर्व्हरवर चढवताना ऑप्टिमाइझ लावाच. ऑथॉरिटेटिव्ह फक्त तेव्हाच, जेव्हा चालू प्रोग्रॅममध्ये क्लास किंवा प्रिफिक्स तयार होत नाहीत. विकासाच्या मशीनवर दोन्ही नको, क्लास हलवला की जुन्या यादीतला पत्ता गळ्यात पडतो. ओपीकॅशचं (तयार कोड साठवणाऱ्या पीएचपीच्या कॅशचं) टाइमस्टॅम्प तपासणं बंद असेल तर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड केल्याशिवाय नवी यादी वाचलीच जात नाही. रीलीजमागे सिमलिंक बदलत असाल तर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये डॉक्युमेंट-रूटऐवजी रियलपाथ-रूट द्या, नाहीतर पीएचपीचा रियलपाथ कॅश मुळात १२० सेकंद जुनाच पत्ता धरून बसतो. आणि व्हेंडर घरी बांधून वर नेत असाल तर जेसनच्या कॉन्फिगमध्ये 'प्लॅटफॉर्म'खाली सर्व्हरची पीएचपी आवृत्ती लिहा. घरी ८.३ आणि तिकडे ८.१ असेल, तर कंपोझर २ ची प्लॅटफॉर्म तपासणी पहिल्याच रिक्वेस्टला अ‍ॅप्लिकेशन थांबवू शकते.

'क्लास सापडला नाही' आलंच तर आधी एररमधलं पूर्ण नाव अक्षर-अक्षर वाचा. नावापुढे चुकीची नेमस्पेस लागली असेल तर यूज राहिलाय, फाइल शोधायची गरज नाही. नाव बरोबर असेल तर सर्व्हरवर कमांड लाइनवरून लोडर घ्या आणि फाइंड-फाइलला ते नाव द्या. फॉल्स आलं तर प्रिफिक्स, फोल्डर किंवा अक्षरं चुकली आहेत. पत्ता आला तर ती फाइल उघडून आतली नेमस्पेसची ओळ बघा. दुसऱ्या मॉड्यूलमधून कॉपी केलेल्या फाइलमध्ये 'अडत\आवक' तसंच राहिलेलं असतं.